चढाईवालीचा रुमाल

सामन्याआधी पंच आमची नखं तपासायचे. आम्ही सात जणी दोन्ही हात पुढे करून रांगेत उभ्या, आणि ते शाळेतल्या बाईंसारखे एकेकीची बोटं बघत पुढे सरकणार. अंगाला तेल चोपडलंय का, तेही बघायचे. आमच्या चढाईवालीपाशी आले की मात्र ते थबकायचे आणि मला, म्हणजे कॅप्टनला, बोलावून म्हणायचे, "गाठ तपासून सांगा."

गाठ तिच्या डोक्यावरच्या काळ्या रुमालाची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे ही. अंधेरी पूर्वेला चाळींच्या मागे एक उघडं मैदान होतं, तिथे आमचा मुलींचा कबड्डी संघ सराव करायचा. आम्ही सगळ्या हाफ पँट आणि टी-शर्टवर. ती एकटी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायाला घट्ट बसणारी सलवार आणि डोक्याला रुमाल बांधून खेळायची. कपडे तिच्या आईने शिवलेले. रंग संघाचाच निळा, पाठीवर पांढऱ्या कापडाचा नंबर, आणि शिलाई इतकी अंगाबरोबर की चिमटीत कापड सापडू नये. आम्हाला हसू यायचं आधी, मी कशाला खोटं बोलू? पण तिची पहिली चढाई बघितली आणि आमची तोंडं बंद झाली. काडीसारखी मुलगी, वर्सोव्याहून बसने यायची, फारसं बोलायची नाही. मैदानात उतरली की नुसती वीज. तीन-तीन जणींनी धरलं तरी हिचा "कबड्डी कबड्डी" चालूच, आणि ओढत ओढत सगळ्यांना मध्यरेषेपर्यंत आणायची.

समोरचे संघ हरकत घ्यायचेच. चढाई करणारीचा नुसता कपडा लागला तरी पकड करणारी बाद, असा नियम. "मग हिच्या रुमालाचं टोक लागलं तरी आम्ही बाद ना? हा कुठला न्याय?" असं त्यांचं म्हणणं. एका संघाच्या बाई एकदा नियमांचं पुस्तकच घेऊन आल्या. त्यात डोक्याच्या रुमालाबद्दल काही सापडेना, तेव्हा म्हणाल्या, "पण बरं दिसत नाही हो." आमचे सर तापट. म्हणाले, "दिसायला हा सिनेमा आहे का? खेळ बघा." शेवटी पंचांनीच तोड काढली. रुमालाची टोकं आत खोचायची, गाठ मागे घ्यायची, आणि ती घट्ट असल्याची हमी कॅप्टनने द्यायची. त्यामुळे प्रत्येक सामन्याआधी तिची गाठ मी मारायचे. ती पाठमोरी उभी राहायची आणि म्हणायची, "अजून आवळ गं, अजून."

रुमाल बापाच्या धाकाने बांधते, हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिने तसं कधी सांगितलं नव्हतं. तिचा बाप आमच्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता. तो गोदीत कामाला आहे आणि गाव दापोलीकडचं, एवढंच ठाऊक. माझी आई म्हणायची, "त्यांच्यात असतंच गं तसं," आणि आमची मोठी समजूत की आपल्याला सगळं कळतं.

त्या वर्षीची अंतिम फेरी चारकोपला होती. तिथे तेव्हा सेक्टरची घरं उभी राहत होती, मैदानाच्या कडेला विटा आणि रेती. निवड समितीचे लोक बघायला आलेले. उपनगरच्या कुमारी संघासाठी मुली निवडायच्या होत्या. आमच्या चढाईवालीचं ते कुमारी गटातलं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. तिची निवड होणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी आपली काठावर.

त्या दिवशी गाठ मी घाईत मारली. समोरच्या कॅप्टनशी माझं टॉसवरून वाजलं होतं, डोकं तापलेलं. "अजून आवळ," ती म्हणालीही. मी म्हटलं, "बास झालं, लग्नाला चाललीयेस का?"

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणाने मागे, आणि तिची चढाई. तिने एकीला पायाने शिवलं, वळली, तेवढ्यात कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. ती आडवी पडली, पण दम चालू. हात लांब केला. मध्यरेषा एका वितीवर. तेवढ्यात कुणाचं तरी कोपर लागलं आणि रुमाल सुटला. रेषेकडे गेलेला तिचा हात मागे आला, डोक्यावर गेला. दम तुटला. शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

मी काय बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. सगळ्यांच्या देखत बोलले. "केस दिसले तर काय आभाळ कोसळणार होतं? बापाची एवढी भीती आहे तर खेळतेस कशाला? घरी बस ना!" ती जमिनीवरचा रुमाल झटकत होती. एकदा माझ्याकडे बघितलं. गाठ कुणी मारली होती, हे ती बोलली नाही. मीही नाही बोलले.

दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, तर मी म्हटलं, "बापाने बसवली असणार." चौथ्या दिवशी 'असणार' गळून पडलं. आठवड्याने निवड समितीतले एक गृहस्थ मैदानावर आले. सर नव्हते, म्हणून मला विचारलं, "तुमची ती रुमालवाली, काय करते आहे? यादी आज द्यायची आहे." मी सांगितलं, "तिला घरून सोडत नाहीत आता." ते हळहळले. "वाटलंच होतं," म्हणाले. खिशातून कागद काढला, एक नाव खोडलं आणि त्याच्याखाली माझं लिहिलं.

मुद्दाम केलंस का, असं मी स्वतःला हजारदा विचारलंय. मुद्दाम नाही केलं. पण नाव लिहिलं गेलं तेव्हा मला आनंद झाला, तो काही अपघाताने झाला नव्हता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सरावाच्या वेळी एक गृहस्थ मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, थोडी पिकलेली दाढी. कॅप्टन कोण म्हणून विचारलं आणि माझ्यासमोर आले. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. हाच तो बाप! ऐकवायचंच होतं मला त्याला.

ते म्हणाले, "पोरी, आमच्या मुलीचं काय चुकलं?"

मला काही कळेना. ते सांगत गेले, अगदी हळू आवाजात. "कॅप्टनने घरी बसायला सांगितलंय म्हणते. रोज संध्याकाळी खेळाचे कपडे घड्या करून मांडीवर घेऊन बसते. मी म्हटलं, जा, विचार तरी. तर नाही म्हणते. म्हणून मीच आलो. चुकली असेल तर माफी मागेल ती. पण खेळू दे तिला."

"पण रुमाल... तुम्हीच तर..." माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"रुमाल?" ते हसलेच. "तो तिचा तिचा आहे. मी उलट म्हणायचो, एवढ्या उन्हात कशाला बांधतेस? म्हणते, मला तसंच बरं वाटतं. मग आईने बसून ते कपडे शिवले. तिचं डोकं, तिचा रुमाल. आपण काय बोलणार?"

मी त्यांना सगळं सांगितलं. गाठीचं, यादीचं, माझ्या नावाचं. ते बराच वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? तिला येऊन सांग."

मी तशीच, धुळीच्या पायांनी त्यांच्याबरोबर बसने वर्सोव्याला गेले. वाटेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण तिकीट माझंही काढलं. ती दारातच बसली होती. मी उभ्या उभ्याच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला का नाही विचारलंस?" ती म्हणाली. एवढंच.

मी म्हटलं, "मी नाव मागे घेते. उद्याच जाते सरांकडे."

"आणि मग माझं येणार आहे का? यादी गेली ना वर?"

गेली होती. मी मान हलवली. आत तिची आई काहीतरी शिवत होती, तिचं मशीन मधेच थांबलं. दारात बसलेली ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकवायलाच हवं होतं.

"तू पायाने शिवायला जातेस ना," ती म्हणाली, "तेव्हा मागचा गुडघा ताठ ठेवतेस. तिथे तुला धरतील. हे बघ, असा वाकव."

आणि त्या चिंचोळ्या ओट्यावर तिने मला वाकवून दाखवलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवसापासून सरावालाही आली आणि स्पर्धेला निघेपर्यंत रोज माझा गुडघा बघत राहिली. मी गेले, तिच्या जागी खेळले, बरी खेळले. ती कुमारी गटातून उपनगरसाठी कधीच खेळली नाही.

त्या ओट्यावर मी रडले. ती नाही रडली, ओरडलीही नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. तिने चार शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटले असते.