वासावर निवडलेले रंग

हिरीबाईच्या डोळ्यांची काळजी काही केल्या मनातून जात नाही. लेकरं निजली आहेत, म्हणून लिहायला बसले.

हिरीबाई इंझोरीकडच्या बंजारा तांड्यावरची. कारंज्याच्या बाजाराला आली की आमच्या ओसरीवर टेकते. तिच्या लेकीचं, सुंदरचं, लग्न या उन्हाळ्यात आहे. नवरीची ओढणी आईनेच भरायची, अशी त्यांची रीत. दुसरीचा हात लागला तर बायका भर लग्नात बोलून दाखवतात.

सुई हातात घेण्याआधी ती रंग मांडते. पांढऱ्या धडप्यावर धाग्याच्या लडी ठेवते, मागे सरते, पुन्हा हलवते. "लालाच्या बाजूले हिरवा ठेवला तं दोघं भांडतेत. मंधात पिवळा बसवला का नांदतेत." प्रत्येक लड ती आधी हुंगते. मला ती लकब वाटायची. एकदा विचारलं, तर म्हणाली, "आलीच्या झाडाच्या मुळीचा लाल वास देते. नीळ तं दुरूनच नाकात भरते."

पण आलीत आणि निळीत सूत रंगवणारे रंगारी आता राहिले नाहीत. दुकानातल्या साऱ्या लडींना घासलेटचाच वास.

आज तिने ओढणीची कपाळपट्टी दाखवली. जिथे लाल हवा, तिथे अख्खी ओळ काळी.

"हिरीबाई, हा काळा आहे गं."

"पुस्तकं वाचून तुहेच डोये गेले असतीन, बाई!"

हसत हसत तिने पट्टी उन्हात नेली. डोळ्यांशी धरली, मग नाकाशी. हसू थांबलं. तिच्या बुबुळांवरची साय मला तेव्हा दिसली.

"मोतीबिंदू असेल. अकोल्याला काढतात."

"अन् डोयाले पट्टी बांधून बसू? ओढनी कोन भरन? सुंदरले सांगू नको. लगन पुढं ढकलन ते."

"मग रंग मी निवडून देते."

"मंग ते तुहे रंग होतीन, बाई. माहे नाही."

सुंदरला सांगणार नाही, एवढा शब्द मी तिला दिला.

पण मलाही मुलगी आहे. मांडवात ओढणी सरकेल, तेव्हा लेकीचं तोंड हिरीबाईला दिसणार नसेल, तर त्या रंगांचं काय करायचं? शब्द सुंदरपुरता होता. माझा भाऊ अकोल्याला डॉक्टर आहे. सकाळी यांच्या जिनिंगच्या ऑफिसातून त्याला फोन लावते, आणि लग्नाआधी निदान एका डोळ्याचं ऑपरेशन होईल का, ते विचारते.