बिबट्यावर शेळी

माझ्या लग्नाच्या बायोडाटात एकच गोष्ट खोटी होती. शिक्षण : दहावी पास. रंगही जरा उजळ करून लिहिला होता, पण तो सगळ्यांचाच लिहितात, त्याला खोटं म्हणत नाहीत. मी निमगाव साव्याची, इंग्रजीत सहा मार्कांनी गेलेली. वडील म्हणाले, सहा मार्कांसाठी कुठं पोरीचं लग्न अडवायचं? आणि 'नापास'मधला 'ना' त्यांनी गिळून टाकला.

लग्न होऊन पिंपळवंडीला आले, तर सासऱ्यांना माझ्या त्या दहावीचं कोण कौतुक! बाजारात, लग्नात, बैलगाडा शर्यतीच्या घाटात कुणीही भेटो, मामंजी माझी ओळख एकाच वाक्यात करून द्यायचे, "ही आमची सून. दहावी पास हाय." मी पदर सावरून खाली बघायचे. लोकांना वाटायचं, सून किती विनयाची! विनय कसला, चोराच्या मनात चांदणं.

सोळा वर्षं असं चाललं. मग माझी लेक आठवीत गेली आणि इंग्रजीच्या चाचणीत तिने दिवे लावले. मामंजी तिला म्हणाले, "आईकडं बघून तरी शिक जरा. सुनबाई, आन गं तुझं मार्कशीट. दाव हिला."

मी भाकरी थापत होते. हात परातीतच राहिला. उंदरांनी खाल्लं, पुरात गेलं, काहीही सांगता आलं असतं. पण खोट्याचा मला कंटाळा आला होता. म्हटलं, "मामा, मी दहावी नापास हाय. इंग्रजीत गेले व्हते."

मामंजी उठले आणि न जेवता गोठ्यात गेले. तव्यावरची भाकरी करपली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी स्वतः तापट आहे, ओरडणं मला कळतं. गप्प बसणं कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढत होते. मामंजी त्यांच्या शर्यतीच्या घोडीच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले.

"किती मार्कांनी?"

"सहा."

"म्हंजी सोळा वर्सं मी गावाला खोटं सांगत आलो."

"व्हय, मामा."

"मंग आता त्ये खरं कर. माझा शबूद मला माघारी घेता यायचा न्हाई."

त्या दिवसापासून त्यांचं वाक्य अर्धं झालं. "ही आमची सून," एवढंच. पुढचं गिळून टाकायचे. बाकी वागणं तसंच, माया तशीच, पण ते अर्धं वाक्य मला फार लागायचं. मी दहावीचा फॉर्म भरला. एवढ्या वर्षांनी सगळेच विषय पुन्हा द्यायचे होते. बाकीच्या विषयांचं मला काही वाटलं नाही. भीती एकाच पेपरची होती.

लेक माझी मास्तरीण झाली. तिच्याएवढी खडूस मास्तरीण मी पाहिली नाही. पहिल्याच आठवड्यात तिने मला एक वाक्य दिलं, याचं इंग्रजी कर : शेळीवर बिबट्याचा हल्ला. मला आनंदच झाला. आमच्याकडे ही बातमी आठवड्याला एकदा असतेच. शेळी म्हणजे गोट, वर म्हणजे ऑन, बिबट्या लेपर्ड, चा म्हणजे ऑफ, हल्ला अटॅक. ओळीनं मांडलं : गोट ऑन लेपर्ड ऑफ अटॅक.

लेक वाचून जमिनीवर लोळायला लागली. "आई, शेळी बिबट्यावर बसलीय!"

बाहेर ओट्यावर मामंजी होते. त्यांच्या हसण्याचा आवाज मी महिन्याभराने ऐकला. "एवढी पैलवान शेळी आपल्याकडं असती," ते म्हणाले, "तर वन खात्यानं पिंजरं कशाला लावलं असतं?" मग आत येऊन बसले. "पन चुकलं काय तिचं, ते सांग की."

लेकीने सांगितलं. आपल्यात 'वर', 'चा', 'ला' हे सगळे नामाच्या शेपटीला चिकटतात, आणि चिकटताना त्यालाही वाकवतात. कुलूपचं कुलपात होतं, घोडाचं घोड्यावर होतं. इंग्रजीत हे छोटे शब्द नामाच्या पुढं चालतात, आणि साहेबाचं नाम ताठ ते ताठच. अटॅक, ऑन, गोट.

"म्हंजी घोडी पुढं," मामंजी म्हणाले.

आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत गाड्याच्या पुढं एक घोडी पळते, वर स्वार असतो, आणि तिच्यामागं बैल सुटतात. घोडी नसेल तर भलेभले बैल घाटात उभे राहतात. शर्यतीचा चढ तो घाट, आणि तो पळून पार केला की घाट मारला म्हणतात. मामंजींचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. त्यांनी तिथल्या तिथं मांडणी करून टाकली. "अटॅक झाला मालक. ऑन त्याची घोडी. मागं बैल कुनाचं बी जुंपा, शेळीचं जुंपा, मान्साचं जुंपा. पन मालकाची घोडी ठरल्याली. दुसऱ्याची चालायची न्हाई."

लेक माझ्याकडे बघायला लागली. तिच्या पुस्तकात हे इतकं सोपं नव्हतं.

माझं खरं दुखणं नेमकं तेच होतं. आमचा सगळा संसार एका चा-ची-चेवर चालतो. कुलपाची किल्ली, प्रश्नाचं उत्तर, उशिराचं कारण, भजनाची आवड. मला शाळेत शिकवलं होतं, चा-ची-चे म्हणजे ऑफ. मी सगळीकडे ऑफ ठोकत सुटले होते. आणि लेक लाल पेनाने खोडायची. की टू. आन्सर टू. रीझन फॉर. इंटरेस्ट इन. मी चिडायचे. किल्लीला टू आणि कारणाला फॉर, हे कुणाच्या घरचं शहाणपण? त्यातून फिअर ऑफ बरोबर! म्हणजे माझी नुसती भीतीच तेवढी शुद्ध होती.

"का पन?" मी मामंजींसमोर वही आपटली.

"आपलं बैल तांबड्या घोडीमागं का पळत न्हाईत?"

"मला काय ठावं!"

"मला बी न्हाई. बैलांना इचारलं तर तेबी सांगायचं न्हाईत. सवय हाय ती. कारन इचारू नको, जोडी ध्यानात ठेव."

त्यांनी गोठ्याची भिंत मोकळी करून दिली. मी खडूने तीन रकाने आखले : मालक, घोडी, बैल. मामंजींना इंग्रजी अक्षर येत नाही, म्हणून सगळं मराठीत लिहिलं. रीझन – फॉर. आन्सर – टू. इंटरेस्ट – इन. डिफरन्स – बिटवीन. डॅमेज – टू. तिसरा रकाना रिकामाच ठेवला, कारण बैल कुणाचेही चालतात. रोज धारेच्या वेळी मामंजी समोर पालथ्या पाटीवर बसून माझी उलटतपासणी घ्यायचे.

"रिजन?"

"फॉर!"

"डिमांड?"

"फॉर!"

"डिफरन?"

"बिटवीन!"

चुकले की ते घोडीला म्हणायचे, "ऐकलंस का गं, हिनं तुला पार शेजारच्या गोठ्यात बांधली."

वर्षभरात ते शब्द त्यांच्याच तोंडात बसले. एकदा बाजारातून आले आणि ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांना म्हणाले, "आज मेथीला डिमांड फॉर न्हाई राव." पुढे आळीतले चारजण तसंच म्हणायला लागले. आजही म्हणतात.

परीक्षेला मी वर्गात पाय ठेवला तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, बाई आल्या. मी म्हटलं, "बसा, बसा," आणि त्यांच्यातच जाऊन बसले.

पेपर बरा होता. मालक ओळखीचे होते, घोड्या सापडत गेल्या. मग एक रिकामी जागा आली : द ओल्ड मॅन टुक ग्रेट प्राईड, टिंब टिंब, हिज फॅमिली. प्राईड म्हणजे अभिमान, हे ठाऊक होतं. पण हा मालक आमच्या भिंतीवर आलाच नव्हता. कुटुंबाचा अभिमान. चा. हात आपोआप गेला आणि ऑफचा पहिला ओ काढूनही झाला.

मग थांबले. एक फिअर सोडली तर वर्षभर जिथे जिथे 'चा'ने मला ऑफकडे ओढलं, तिथे तिथे मी तोंडावर पडले होते. आणि तो ओल्ड मॅन! मला समोर आमचेच मामंजी दिसायला लागले, अर्धं वाक्य गिळून उभे असलेले. अभिमान होता त्यांना, गेला थोडाच होता? आत होता. नुसता आत बसला होता. मी ओ खोडला आणि इन लिहिलं.

निकाल लेकीने मोबाइलवर पाहिला. इंग्रजीत अठ्ठावन्न. तिने मला अशी मिठी मारली की माझी बांगडी फुटली. मामंजींनी टोपी घातली आणि पायात वहाणा सरकवून बाहेर पडले. अर्ध्या तासात परत आले ते तोंड पाडून.

"काय झालं, मामा?"

"पारावर सांगितलं, आमची सून दहावी पास झाली. तर म्हनत्यात, म्हातारं चळलं! ती तर लगीन होऊन आली तवाच पास व्हती."

आधी लेक हसली, मग मी, मग ते. हसता हसता तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. खरं काय ते सांगायला जावं, तर आधीचं खोटं उघडं पडत होतं. "घ्या," मामंजी टोपी काढत म्हणाले, "खोटं सोळा वर्सं खपलं, आन खऱ्याला गिऱ्हाईक न्हाई."

संध्याकाळी ओझरकडचे पाहुणे आले. मी चहा घेऊन बाहेर गेले. मामंजी म्हणाले, "ही आमची सून." माझं पाऊल तिथंच थांबलं. "दहावी पास हाय." या वेळी मी खाली बघितलं नाही. चांगलं पाहुण्यांच्या तोंडाकडे बघितलं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, पेपरात अडलं कुठं? मी त्या रिकाम्या जागेची गोष्ट सांगितली. प्राईड म्हणजे काय ते सांगितलं, घोडी कोणती तेही सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि झोपायला गेले.

सकाळी चरवी घेऊन गोठ्यात गेले, तर भिंतीवर माझ्या अक्षरांच्या खाली एक नवी ओळ होती. मोठ्या, थरथरत्या अक्षरांत. पहिल्या रकान्यात प्राईड. दुसऱ्यात इन. आणि वर्षभर रिकाम्या राहिलेल्या तिसऱ्या रकान्यात, बैलांच्या जागी : सून.

मामंजी घोडीला चारा टाकत होते. गप्प बसणं मला जमत नाही.

"म्हंजी मी बैल व्हय, मामा?"

"मंग?" मागे न वळता ते म्हणाले. "घाट मारलास न्हवं."