हा कामाचा, हा आरामाचा

कोंबडी सोलून झाली की आमचे चिकनवाले एका हातात तंगडी आणि दुसऱ्या हातात छातीचा तुकडा धरून विचारायचे, "हा कामाचा, हा आरामाचा. बोला सर, कोणता देऊ?" तंगडी काळपट लाल, छाती फिकी. मेहकरच्या त्यांच्या दुकानात मी दर रविवारी हे ऐकलं. शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, तरी तंगडीच लाल का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तुम्हालाही पडला नसेल. आपण खाणारी माणसं.

माणसांनाही ते याच मापाने मोजत. रस्त्याने हार घातलेला पुढारी गेला, की सुरी न थांबवता म्हणत, "आरामाचा."

त्यांची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने डॉल्फिन निवडला. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. तिने दुकानात वडिलांना चित्र दाखवलं, तेव्हा मी तिथेच होतो.

"मासा चांगला हाये बेटा."

"मासा नाही अब्बा. आपल्यासारखा हवेत श्वास घेते."

"मंग पाण्यात काऊन राह्यते?"

"बुडी मारताना प्राणवायू संगं नेते न! फुप्फुसात थोडा, रक्तात अन् मांसात जास्त. मांसात एक लाल पदार्थ राह्यते, तोच प्राणवायू धरून ठेवते. म्हणून त्याचं मांस इतकं लाल, का काळंच दिसते."

ते हातातल्या तंगडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे कामाचा."

प्रदर्शनात पहिला येणारा बुलढाण्याला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होता. आमच्या शाळेतून तोवर कोणी गेलं नव्हतं. पोरीने पुठ्ठ्याचा डॉल्फिन केला, पोटात लाल लोकरीचे स्नायू भरले.

मुख्य परीक्षक सत्काराची शाल सावरत आले. उकाडा भरपूर होता, पण शाल उतरली नाही. "बाळा, हवा फुप्फुसात असते. मांस लाल दिसतं ते रक्तामुळे. मुळातच चूक आहे," म्हणाले आणि कागदावर शून्य मांडलं. पोरीचा चेहरा उतरला. मी घसा साफ केला.

पालकांच्या घोळक्यातून आवाज आला. "साहेब, माफी. एक इचारू?"

"आपण कोण?"

"चिकनवाला. कोंबडी हलाल केली का रगत निघून जाते. वीस वर्षं तेच करून राह्यलो. मंग तंगडी लाल काऊन, छाती पांढरी काऊन? रगत तर दोन्हीतलं गेलं न!"

परीक्षकांनी शाल चाचपली.

पोरीला मात्र वाचा फुटली. "कारण कोंबडी दिवसभर चालते सर, उडत नाही. जो स्नायू सारखा राबतो, त्यात तो लाल पदार्थ जास्त. मायोग्लोबिन. अन् डॉल्फिनचे तर सगळेच स्नायू…"

"कामाचे!" वडील म्हणाले.

सगळी खोली हसली. खरं सांगायचं तर परीक्षकही हसले, आणि त्यांनी शून्य खोडलं. नवा आकडा लिहिताना त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. डॉल्फिन पहिला आला.

पुढच्या रविवारी मी पिशवी घेऊन गेलो, तर शटर खाली. ऐन रविवारी! बाहेर गिऱ्हाइकांची रांग, आणि शटरवर खडूने लिहिलेलं:

"दुकान बंद. डॉल्फिन बुलढाण्याले गेला."

त्या रविवारी अर्ध्या मेहकरने वांगी खाल्ली. कोणी कुरकुर केल्याचं माझ्या कानावर आलं नाही.