हाळ आणि बोअर

फुलंब्री रस्त्याला हर्सूलच्या पुढं आम्ही प्लॉट घेतला, तेव्हा नातेवाइकांनी काळजीनं विचारलं होतं, की इतक्या लांबून रोज शहरात येणार कसं? आज त्याच नातेवाइकांची मुलं आमच्याही पुढं राहतात आणि आम्हाला गावातले म्हणतात. आम्ही जागचे हललो नाही, शहरच आमच्या अंगावरून पुढं गेलं.

ज्या शेतकऱ्यानं ते शेत प्लॉट पाडून विकलं, त्यानं एक अट तोंडी घातली होती. शेताच्या कोपऱ्यात विहीर होती आणि विहिरीला लागून हाळ, म्हणजे जनावरांना पाणी पाजायची लांबट दगडी कुंडी. तो म्हणाला, "दिवाळी झाली की एक मेंढरंवाला येतो. त्याच्या बापापासनं येतेत. दोन-तीन दिवस बसतेत, पाणी पाजतेत अन् जातेत. त्यायला नाय म्हणू नका." प्लॉट घेणारे आम्ही सगळे शिकलेले, नोकरदार. सगळ्यांनी मान डोलावली. कागदावर नसलेल्या गोष्टीला हो म्हणायला नोकरदार माणसाला काहीच जड जात नाही.

पहिल्या वर्षी तो आला तेव्हा आमची आठ घरं होती. तो, त्याची बायको, सामान लादलेलं एक तट्टू, दोन कुत्री आणि मेंढरं. शेतात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं आणि शेतकऱ्यानं त्याला ज्वारी द्यायची, असा तो जुना व्यवहार होता. शेत गेलं होतं, पण बागा नव्या होत्या. त्यामुळे आम्ही आठ घरांनी मिळून शेतकऱ्याची जागा घेतली. त्या वर्षी माझ्या जास्वंदीला आली तेवढी फुलं पुन्हा कधी आली नाहीत.

मी सोसायटीचा सचिव होतो. सचिवाला सगळं मोजायची सवय लागते. मी त्याला विचारलं, "किती आहेत मेंढरं?"

"ती मोजायची नसतेत, गुरुजी. नजर लागती."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"तुमच्या वर्गातलं पोरगं नाय आलं तर तुमाला हजेरी घेतल्याबिगर कळत नाय व्हय?"

मी त्या काळी शाळेत शिकवत होतो. मला कळत नसे, हे मी त्याला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षांत त्याची बसायची जागा आकसत गेली. आधी सगळं शेत त्याचं होतं. मग रिकामे प्लॉट राहिले, मग बागेसाठी राखलेली मोकळी जागा. शेवटी विहीर आणि तिच्याभोवतीची पट्टी एवढंच उरलं. कॉलनीत किती माणसं वाढली हे मला रजिस्टर बघून सांगावं लागे. तो मात्र आल्या आल्या उभ्यानंच नजर फिरवून म्हणायचा, "औंदा लई दाट झालं." घरांवर मजले चढले, मुलांची लग्नं झाली, खाली भाडेकरू आले. माझ्याच घरात आम्ही चौघे होतो ते नऊ झालो. दुसऱ्यांची गर्दी ही लोकसंख्या असते आणि आपली असते ती नातवंडं.

नळाला आठवड्यानं पाणी येऊ लागलं तसे लोक बोअर घ्यायला लागले. त्यासाठी फुलंब्रीकडून एक पाणाड्या यायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अनवाणी प्लॉटभर चालायचा. खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहायचा. आमच्या कॉलनीत विज्ञानाचे दोन पदवीधर होते. तेही चपला काढून त्याच्या मागून चालत. नारळ प्रत्येक प्लॉटमध्ये विहिरीच्या बाजूच्याच कोपऱ्यात उभा राहायचा. विहिरीजवळ पाणी असतं हे नारळाशिवायही सांगता आलं असतं, पण नारळानं सांगितल्यावर शंका उरत नाही. परिणाम असा झाला, की अख्ख्या कॉलनीचे बोअर विहिरीभोवती कडं करून पडले, जणू पंगत बसली आहे आणि मध्ये एकच पातेलं.

माझाही त्यात होता. विहिरीपासून वीस पावलांवर. पाणी लागलं त्या दिवशी बोअरच्या गाडीवाल्यांना पेढे दिले. विहिरीचं काय होईल हा विचार मनात आला नव्हता असं मी म्हणणार नाही. आला होता. शेजाऱ्याचा बोअर माझ्या आधी झाला होता, हाही विचार त्याच्या मागोमाग आला आणि मला बरं वाटलं.

त्या दिवाळीनंतर मेंढपाळाची बायको दोराला दुसरा दोर जोडत होती. पुढच्या वर्षी तिनं तिसरा जोडला. विहिरीत वाकून बघायची आणि गाठ मारायची.

शेवटच्या खेपेला तो आला त्या दिवशी कॉलनीत वृक्षारोपण होतं. पावसाळ्यात ठरलेला कार्यक्रम पाहुण्यांच्या तारखा मिळेपर्यंत थंडीत आला होता. मंडप, माईक, तीस खड्डे, तीस रोपं आणि रोपांसाठी मागवलेला टँकर. अध्यक्षांचं घर तीन मजली आणि त्यांचे बोअर दोन होते. ते वाढत्या लोकसंख्येवर बोलत होते. देशाची लोकसंख्या त्यांनी कोटींत सांगितली, ती कोणत्या सालची होती हे कळायला मार्ग नव्हता. धरती हा भार कसा पेलणार, असं त्यांनी विचारलं. पाहुण्यांनी गंभीरपणे मान हलवली.

मंडपाच्या मागं मेंढरं कोरड्या हाळाभोवती उभी होती. विहिरीत गाळ होता आणि गाळात गणपतींचे लाकडी पाट.

"सकाळधरनं फिरतूया," मेंढपाळ मला म्हणाला. "मागच्या मुक्कामालाबी हीच गत. रातच्याला पाणी नाय, आजबी नाय. ह्यातली गाभण हायेत, गुरुजी. आता नाय मिळालं तर पुढं नेता येत न्हाईत."

मी घरी जाऊन मोटार सुरू केली. पाइप हाळापर्यंत पोचत होता. वीस पावलांचा हा एक फायदा. पाच-सात मिनिटं पाणी आलं, मग चिखल, मग नुसती हवा. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, मोटार जळेल! आणि टाकीत टिपूस नाही, उद्या नऊ माणसांनी काय करायचं?" मी मोटार बंद केली. पाच-सात मिनिटांचं पाणी पुढच्या मेंढरांनी संपवलं. मागची पुढच्यांच्या पाठीवर पाय देऊन बघत होती.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "सचिव कोन? कुटं सोडू?"

रोपांच्या खड्ड्यांकडे बोट दाखवायचं होतं. माईकवरून त्याच वेळी 'पाण्याचा प्रत्येक थेंब' असं काहीतरी ऐकू आलं. मी हाळाकडे बोट दाखवलं.

ड्रायव्हरनं एकदा मेंढरांकडे पाहिलं, एकदा मंडपाकडे. "नक्की ना, काका? नंतर मला नका बोलू."

"सोड."

हाळ भरला, रिकामा झाला, पुन्हा भरला. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. पाहुण्यांनी पहिलं रोप लावलं आणि झारी मागितली, तेव्हा टँकरचा नळ ठिबकत होता. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुम्ही सचिव आमचे आहात का मेंढरांचे?" लोक हसले. प्रश्न चांगला होता, मीही हसलो. पुढच्या सभेत नवा सचिव निवडला. ठराव एकमतानं झाला, माझ्या मतासकट.

मेंढपाळ मुक्कामाला थांबला नाही. मी ज्वारी आणली होती, ती घेईना. "खत कुटं दिलंय आमी? मेंढरं बसलीच न्हाईत." त्याची बायको दोराच्या गाठी सोडवत होती.

"पुढच्या वर्षी या," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"कशाला, गुरुजी? तुमालाच पुरंना झालंय."

त्यात टोमणा नव्हता. एखाद्या घरी पाहुणे जास्त झालेले बघून समजूतदार माणूस उठतो, तसा तो उठला. मी खुलताबादच्या बाजूला जायला सुचवलं. तो म्हणाला, "तिकडं बी तुमच्यासारखे ऱ्हायला आलेत की."

पुढच्या दिवाळीनंतर मी, आता घरांसाठीही येऊ लागलेल्या टँकरच्या माझ्या वाट्यातलं पाणी हाळात भरून ठेवलं. घरात कुणाला सांगितलं नाही, पण नऊ माणसांच्या घरात दोन बादल्या कमी झाल्या की सगळ्यांना कळतं. रोज संध्याकाळी वाफ होऊन कमी झालेलं थोडं पुन्हा भरत होतो. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी नवे सचिव आले आणि नम्रपणे म्हणाले, की डासांची तक्रार आहे. मी बरं म्हणालो. दोन्ही बादल्या उपसून जास्वंदीला घातल्या आणि हाळ पालथा करता येतो का ते पाहिलं. तो दगडाचा होता, एकट्यानं हलला नाही.