ट्रकमागची हळद

सर्व नातेवाइकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की सूर्यास्तानंतर मला गाडी चालवता येते, फक्त रस्ता दिसत नाही.

एरवी रात्रीच्या ड्रायव्हिंगसारखं सुख नाही. ऊन नाही, गार वारा, आणि आपण सेकंड गिअरमध्ये चाललोय हे कुणाला दिसत नाही. समोरच्याने अप्पर मारला, की मात्र डोळ्यांपुढे थेट दिवाळी. त्यावर आमच्या घरात सोय आहे: मी गाडी चालवतो आणि रस्ता सुलभा (पत्नी) बघते. "म्हैस आहे. थांबा. गेली. आता श्वास घ्या."

भाचीच्या हळदीला सुलभा दुपारीच करंजाड्याला गेली. म्हणजे माझे डोळे करंजाड्यात आणि मी शिरवण्यात! तिथून मला हिराआत्याला न्यायचं होतं. हिराआत्या आमची धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय आमच्यात नवरीला हळदीचं बोट लागत नाही. त्या रात्री तिच्याकडे दोन हळदी होत्या. शिरवण्यातली आटोपून आमची.

"पुतण्याला पाठवतो गाडी घेऊन," मेहुणे म्हणाले होते.

"का? नवरीचा मामा काय गावाला गेलाय?" (असली वाक्यं मी दिवसा बोलतो.)

हायवेवर माझी एक पद्धत आहे. पुढचा मोठा ट्रक धरायचा आणि त्याचे दोन लाल दिवे सोडायचे नाहीत. आत्याला शेजारी बसवून निघालो, तेव्हा असाच एक ट्रक धरला आणि कळंबोलीपर्यंत त्याने मला थोरल्या भावासारखं सांभाळलं. मग तो वळला. मी वळलो. तो थांबला. मी थांबलो.

मंदाचा, म्हणजे नवरीच्या आईचा, फोन आला. "दादा, कुठंयस? पोरगी तासभर पाटावर बसलीय. थोरले म्हणतायत, दहा वाजले की तशीच लावून मोकळे व्हा."

"जाम आहे गं. नुसते ट्रकच ट्रक."

"धवल्यांशिवाय हळद लावू का माझ्या लेकीला?" तिचा आवाज फुटला आणि फोन कटला.

पावणेदहा झाले. मी हॉर्न मारला. उजवीकडे ट्रक, डावीकडे भिंत, आणि मागे आणखी एक ट्रक येऊन चिकटला.

"बघ आत्या, मागेपण जाम."

"बाला, पुढच्यानं दिवे कवाच बंद केलेत."

"बॅटरी वाचवत असेल, सिग्नलला."

"आन त्यो बनियनवर दात घासतोय, त्यो पन सिग्नललाच?"

बनियनवाला खिडकीशी आला. तोंडात फेस. "काका, आमी इथं झोपायला थांबतो. सकाळी सहाला निघणार. चादर पायजे का?"

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर चावी खिशात घालून जेवायला गेला होता. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दहाला सात कमी. मंदाचा फोन वाजत होता आणि तो उचलायची माझी छाती होईना.

आत्याने तो माझ्या हातातून हिसकावला. "मंदे, रडू नको गो. माइक फोनला लाव. हलद घे हातात."

आणि तिने सूर लावला. ऐंशी वर्षांची बाई, कळंबोलीत, ट्रकांच्या रांगेत, पुढच्या सीटवर बेल्ट लावून धवले गात होती! बनियनवाला ब्रश तोंडात तसाच ठेवून उभा. हळूहळू फोनमधून मांडवातल्या बायकांनी सूर उचलला. मग मंदा हुंदका गिळत म्हणाली, "लागली गं आत्या. हळद लागली."

माझे डोळे भरून आले. (आता तर काहीच दिसेना.)

"बघ आत्या, दहाच्या आत काम केलं की नाही आपण?" मी छाती फुगवून म्हणालो.

फोन अजून चालू होता. पलीकडे माइकही. सगळा मांडव ऐकत होता.

"मंदे," आत्या फोनमध्ये म्हणाली, "लग्नाला मला न्यायला दुसरा कोन तरी धाड. याच्या गाडीत बसले, तर मी थेट बारशालाच पोचन."