नानांच्या पेन्सिलच्या फुल्या

फोनवर मेसेज आला, तुमची एसआयपी बंद झाली. जानूला कडेवर घेतलं, पायात एक चप्पल माझी, एक सासूबाईंची, आणि मेहरूणच्या गल्लीतून पळत सुटले. जानू दीड वर्षाची. तिच्या शिक्षणासाठी मी शिलाईतले पाचशे रुपये दर महिन्याला फंडात टाकायचे, आणि ते लावून देणारे नाना. फाटकातूनच ओरडले, नाना, माझ्या पोरीचे पैसे कुठे घातले? ओट्यावर माणसं बसलेली. मग अक्का दिसल्या, नानांच्या बायको, भिंतीला टेकलेल्या. नाना पहाटेच गेले होते.

दीड महिना झाला, तो आवाज कानातून जात नाही. माझाच आवाज.

नाना गल्लीत सगळ्यांचे फंडाचे फॉर्म भरायचे. माझं माहेर सोनगीर, त्यांचं गावही तेच, म्हणून माझ्याशी घरच्यासारखं अहिराणीत बोलायचे. मी नववी नापास, फॉर्म बघितला की घाम फुटतो. ते सही करायच्या जागी पेन्सिलने बारीक फुली करून द्यायचे, म्हणजे मी चुकायचे नाही. इंडेक्स फंड म्हणजे काय तेही त्यांनीच सांगितलं, मोठ्या कंपन्यांची तयार यादी असते, फंडाने तीच घ्यायची, कोणी जास्त डोकं लावत नाही.

या उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर मी अक्कांसोबत बिबड्या, ज्वारीचे पापड, घालत होते. ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास, तलावाकडून येणारा वारा, जानू साडीच्या सावलीत झोपलेली... आता ते सगळं स्वप्नात बघितल्यासारखं वाटतं. नाना वर आले. म्हणाले, त्याच कंपनीने नवीन फंड काढलाय, यादी जवळपास तीच, पण खर्चाचे म्हणून कापतात ते कमी. जानूचं पुढचं तिकडे लावू.

"स्वस्त आहे म्हणजे माल हलका असेल ना, नाना?"

"बठ्ठं तेच शे, पोरी. पीठ एकच, ताटं दोन. एका ताटाचा भाव कमी लावला."

"मग जुन्या गिऱ्हाइकाला का नाही कमी करत?"

"जुनं गिऱ्हाईक तोंड उघडत नही म्हणून."

अक्का म्हणाल्या, "यात यांचं कमिशनही कमी होणार. अशा माणसाला शहाणं म्हणावं का?"

आम्ही हसलो, पण माझ्या मनात तिथेच भीती बसली. स्वतःचं कमी करून कोण सांगतं? जुनं थांबवायच्या कागदावर मी सही केली, नवीन फॉर्म घरी विचारते म्हणून आणला आणि जानूच्या लसीच्या कार्डात दडवला. नानांनी दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं बोलले. म्हणून तो मेसेज आला, आणि बंद म्हणजे पैसेच बुडाले असं मला वाटलं. पैसे कुठेच गेले नव्हते. पुढचं मीच अडवलं होतं.

परवा अक्कांना दडवलेल्या फॉर्मचं सांगितलं, तर म्हणाल्या, "सही करशील तर यांच्या टेबलावर येऊन कर." गेले. दोऱ्याने बांधलेली त्यांची पेन्सिल तशीच लोंबत होती, जानू ती ओढत बसली. फॉर्म उघडला, तीन फुल्या, फिकट. पेन हातात घेतलं आणि थांबले... नाना असते तर चुकल्यावर ओरडायला एक फाटक असतं. आता कोणाच्या दारात जाऊ? आणि सही नाही केली, तर त्या पहाटे गेलेल्या माणसाला मी अजून खोटंच ठरवतेय.

फॉर्म अजून कार्डातच आहे. तुम्ही असता तर काय केलं असतं?