आमच्या साडूंचा पिवळा कण

फुलांना भिणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ कारंज्याच्या घरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, दगड झालेल्या चिखलातले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे परागकण ओळखत बसतात. त्यात आजचा एखादा कण उडून पडला तर? या एका धास्तीपायी त्यांच्या दाराला दसऱ्यालाही झेंडू लागत नाही, आणि तूर फुलली की घराच्या खिडक्या बंद होतात. मी चित्रकलेचा मास्तर, त्यांच्या कणांची चित्रं मीच काढून देतो. पण मलाही ते उंबऱ्यावर पंच्याने झटकून मगच आत घेतात. एकदा मी लग्नातून परस्पर गेलो, तर आतूनच ओरडले, "साडूभाऊ, तिथंच थांबा! हार घातला होता काय तुमाले?" त्या दिवशी मी भर थंडीत त्यांच्या अंगणात आंघोळ केली.

अकरा वर्षांपूर्वी रिठदकडच्या एका विहिरीतून निघालेल्या दगडात त्यांना एक कण सापडला. तीन खाचांचा, जाळीदार, कुठल्याच पुस्तकात नसलेला. त्याच्यावर त्यांनी चाळीस पानं लिहिली आणि कपाटात ठेवून दिली. लाल रंगाचा थेंब सोडला की आजचा कण लालभडक होतो, जुना पोकळ कण पिवळाच राहतो, इतकी साधी परीक्षा; पण ती घ्यायची त्यांची छाती होईना. विचारलं की म्हणायचे, "लाल झाला तं मंग मी इतके वर्सं काय केलं?"

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. साडूंनी मला त्याच दुपारी बोलावून घेतलं.

"थेंब तुमीच सोडा. माह्याच्यानं होत नाही."

मी थेंब सोडला, डोळा लावला. साडू माझ्या खांद्याला धरून उभे होते.

"पिवळा," मी म्हणालो.

"नीट पाहा."

"पिवळाच हाय."

मग त्यांनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ लावून होते. "मले तं नुसता उजेड दिसून राह्यला. पण तुमी म्हणता तं असंन."

स्वतःच्या बायकोच्या बिनफुलांच्या वेणीवरही भरवसा न ठेवणाऱ्या या माणसाने माझ्या डोळ्यांवर ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी ती चाळीस पानं एका शोधपत्रिकेसाठी टपालात टाकली. हल्ली ते फार आनंदात असतात. भीती आता मला वाटते. मी खरंच पिवळा कण पाहिला होता, की खांद्यावरचा तो हात जाणवून पिवळा म्हणालो, हे मला काही केल्या आठवत नाही.